पश्चिमेची भिंत

माझ्या प्रबंधातल्या एका तक्त्यात बाबा आहेत. नावाने नाही, 'सहभागी नऊ' म्हणून. त्यांच्यापुढे मी लिहिलंय : गोंधळ, तीन मिनिटं.

घर बांधण्याआधीच डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून त्यात फिरून यायचं, म्हणजे चुका काँक्रीट पडण्याआधी सापडतात. आणि पुढे घराने आपली वीज आपणच सांभाळायची. हा माझा विषय. त्याच सुमारास तळवलीचं आमचं कौलारू घर पाडून तिथे इमारत उभी राहणार होती. घरचंच उदाहरण मिळालं म्हणून मी हरखून गेले होते.

जुन्या घराला पश्चिमेला खिडकी होती. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाबांचं खाडीत जाळं घेऊन जाणं सुटलं, पण संध्याकाळी ते त्या खिडकीशी बसायचे आणि वाऱ्यावरून सांगायचे, "भरती लागली." कोणी विचारलेलं नसायचं. आम्ही हसायचो.

नव्या नकाशातून ती खिडकी मीच काढायला लावली. दुपारचं ऊन थेट आत येतं, एसीवर भार पडतो. माझं गणित चोख होतं. तिथे सलग काँक्रीटची भिंत ठरली.

बाबांना प्रयोगशाळेत नेलं तेव्हा चष्मा घालण्याआधी त्यांनी वहाणा काढल्या. घरात जायचं होतं ना! मला हसू फुटलं. जुन्या सवयीने प्रत्येक दारापाशी मान वाकवत ते त्या नसलेल्या घरात फिरले, आणि निजायच्या खोलीत येऊन पश्चिमेच्या भिंतीसमोर थांबले. हात पुढे करून हवेत चाचपू लागले.

"वारा कुठशी येल गो पोरी?"

"बाबा, एसी आहे ना. खोलीत माणूस आहे का ते बघून घरच चालू-बंद करेल."

"हां," ते म्हणाले. पण तिथून हलले नाहीत. माझ्या फॉर्मवर तीनच रकाने होते : समाधानी, तक्रार, गोंधळ. तक्रार तर त्यांनी केली नव्हती.

नव्या घरात राहायला गेलो आणि वर्षाच्या आत त्यांनी अंथरूण धरलं. दम लागायचा. पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून ते इतके निश्चल असत, की खोली रिकामी समजून एसी बंद पडायचा. मग आई उठून हात हलवायची, आणि घराला कळायचं की इथे माणसं आहेत. मी काय केलं? सेन्सर बदलला आणि त्या बिघाडावर एक लेख लिहिला. लेखाचं कौतुकही झालं. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

बाबा त्याच खोलीत गेले. दिवसकार्य उरकल्यावर आई चादरी घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुजा बापूस भिंतीकडंच त्वांड करून का निजायचा, कललं का तुला?"

मला कळलं होतं. मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरला फोन करून विचारलं, त्या भिंतीत खिडकी पाडता येईल का. तो म्हणाला, "मॅडम, अख्खी बिल्डिंग तिच्यावर उभी आहे. त्या भिंतीचं टेन्शन नका घेऊ, विसरून जा."

मग प्रयोगशाळेत जाऊन मी घराचं जुनं मॉडेल उघडलं. पश्चिमेची भिंत निवडली आणि जुन्या घरात होती तिथेच, तेवढीच खिडकी बसवली. घड्याळ बघितलं. दोन मिनिटंही लागली नव्हती. बाबा तीन मिनिटं उभे होते.