बिल्लेवाला ज्योतीराम

ज्योतीराम दापोडीच्या एका कारखान्यात धातू घासून चमकवणाऱ्या बफिंगच्या चाकावर काम करायचा. चाकावर धरलेल्या पितळेत तोंड दिसलं पाहिजे, ही त्याची ऐट. लढाईत मेलेल्या शिपायांची पदकं जमवण्याचा त्याला नाद होता. सुट्टीला सायकलवरून चाकणपर्यंतची गावं पालथी घालायचा. पदक मिळालं की आधी चाकावर धरायचा, मग मखमलीच्या फळीवर चढवायचा. लोक त्याला बिल्लेवाला म्हणत.

कुरुळीच्या अंबूबाईचा नवरा पहिल्या महायुद्धात मारला गेला. इंग्रज सरकारने पाठवलेली काशाची मोठी तबकडी तिच्या देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या टाकांशेजारी होती. तबकडीवर सिंह, त्याच्याजवळ उभी बाई, आणि उठावाच्या इंग्रजी अक्षरांत नवऱ्याचं नाव. अंबूबाई तिला रोज हळद वाहायची आणि वाचता येत नसलं तरी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायची. छप्पन साली, पंधरा ऑगस्टला कारखान्यात मांडून परत आणतो, असा शब्द देऊन ज्योतीरामने ती नेली.

परत आणली तेव्हा ती लखलखत होती.

"बघा मावशी, देवी कशी उजळली!"

शेजारचा दुकानदार चांदभाईही बघायला आला. अंबूबाईने डोळे मिटून तबकडीवर अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"हितं हुतं की त्येंचं नाव."

ज्योतीरामने हात लावून पाहिला. जागा गुळगुळीत.

"त्यात काय, मावशी! नवं कोरून देतो. फक्त नाव सांगा."

अंबूबाईने मान खाली घातली.

"शहाणाच हायस, बिल्लेवाल्या," चांदभाई म्हणाला. "बाई नवऱ्याचं नाव घेईल व्हय? तू वाचलं असशील की!"

ज्योतीरामची कानशिलं तापली. तबकडी इतके दिवस त्याच्या घरी होती. हळदीचं पूट त्याने पाहिलं होतं, काठावरचा ओरखडाही पाहिला होता. नाव वाचलंच नव्हतं.

"चांदभाई, तुम्हाला ठाऊक असेल ना?"

"मला कसं? बाईंचं सासर साताऱ्याकडं. रांडपण आल्यावर माहेरी आल्या."

अंबूबाईने पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. लग्नातल्या उखाण्यानंतर जे कधी ओठांवर आणलं नव्हतं, ते तिने परक्या पुरुषांसमोर उच्चारलं.

"कोंडाजी."

मग अंग चोरून तशीच बसली.

"मावशी, उद्याच कोरतो..."

"नगं. ठिव तितं." तिने मान वळवली नाही. "तुज्या चाकाला त्ये नाव पुन्ना द्यायचं न्हाई."

ज्योतीराम सायकल हातात धरून चालतच निघाला. फळीवरची पदकं त्याला एकेक आठवत होती, कुठलं किती चमकतं तेही. नाव मात्र त्यातल्या एकाही माणसाचं आठवेना.