कोल्ड स्टोरेजमधली जोडी

वार्ताहराजवळ छापलेल्यांपेक्षा न छापलेल्या गोष्टीच जास्त साठतात. त्यातही ज्यांच्यासाठी संपादकाशी भांडलो, त्या विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या एका कॉलेजात डॉ. सरोदे आणि त्यांची विद्यार्थिनी शोभा जंतूंच्या प्रोटीनवर काम करत. माझ्या साठ्यातला उत्तम माल तिथलाच.

शोभाने मला समजावलं, जंतू स्वतःच विष बनवतो आणि त्याला धरून ठेवणारं प्रतिविषही स्वतःच. विष टिकाऊ, प्रतिविष नाजूक, उकाड्यात नासणारं. त्याचे रेणू आधी दोन-दोन जुळतात, असं तिचं म्हणणं. ही जोडी दाखवली तरच पीएच.डी.!

मी बातमी केली. संपादक म्हणाले, "विष करणारा आणि उतरवणारा एकच? राजकारणाच्या पानावर टाका."

*

कॉलेजच्या थंड खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडलेला. मी खरमरीत लिहिलं. कॉलेजने लगेच खोलीला बाहेरून रंग दिला. जाब विचारायला गेलो, तर प्राचार्यांनीच विचारलं, "रंग कसा वाटला?"

*

शेवटी शोभाने आपली काचेची नळी कन्हानच्या वाटेवरच्या संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उभी केली. या नळीतून मोठा रेणू आधी उतरतो, लहान मागून; म्हणजे जोडी आधी, एकटा मागून. मालक गुलाबराव हबकले. जंतू कॉलेजातच मारून आणलेत, हे तिने शपथेवर सांगितलं.

"मंग मेलेल्याचा माल इथं काहून आणून राहिली?"

"नासतो, काका."

"असं म्हण ना! आपला धंदाच तो."

*

जोडी दिसली. पण मुंबईच्या परीक्षकांनी कळवलं, मी डोळ्यांनी पाहीन, मगच सही. हे परीक्षक आणि सरोदे यांचं एका परिषदेत बिनसलेलं. तेव्हापासून बोलणं बंद. साहेब मे महिन्यात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आले. आत शिरताच दात वाजू लागले. सरोदेही स्वेटर विसरले होते. गुलाबरावांकडे घोंगडी एकच. तिच्यात दोघे खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता बसले. नळीतून थेंब पडत राहिले.

प्रतिविष जोडीच्याच जागी उतरलं, सगळं एकदम. परीक्षक म्हणाले, "ही जोडी थंडीमुळे जमली नसेल कशावरून?"

शोभाचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "बाहेरही लावून पाहिलं, सर. निम्मं नासलं. उरलं ते जोडीनेच उतरलं."

साहेबांनी खिसे चाचपले. मग सरोद्यांकडे हात केला. सरोद्यांनी पेन दिलं. संत्र्याच्या पेटीवर सही झाली.

दार उघडलं. बाहेर आगीसारखं ऊन. दोघे कुठल्याशा रेणूवरून तावातावाने भांडत गेटपर्यंत गेले. गुलाबराव बघतच राहिले. मग मला म्हणाले, "भाऊ, आता तं घाम फुटला त्यायले. माही घोंगडी काहून सोडून नाही राहिले?"