पेत्राला बुडू देऊ नका

आमच्या बेटावरची सगळ्यात भित्री बाई कोण, असं कुणालाही विचारा. तो दुकानाकडे बोट दाखवेल. तिथे गल्ल्यावर टुरिड बसते. जन्म बेटावरचा, वय साठीला टेकलेलं, आणि बाई पाण्याला भिते! फेरीबोटीत बसली की मधल्या बाकावर, डोळे घट्ट मिटून, पर्स छातीशी. बदकांना भिते. फोन वाजला की दचकते. कुणी कौतुक केलं तर सरळ मागच्या गोदामात जाऊन खोकी लावत बसते. एकदा आमच्या पाद्रीबाईने भर चर्चमध्ये तिच्या माशांच्या वड्यांची तारीफ केली, तर पुढे कितीतरी रविवार ही चर्चकडे फिरकली नाही. पाद्रीबाई बिचारी दुकानात येऊन माफी मागून गेली, तेव्हाही टुरिड गोदामातच.

मी ओदमुन. शाळा बेटावरचीच, तीही जेवढी जमली तेवढी. नातवंडं म्हणतात, आजोबांची गोष्ट सुरू झाली की कॉफी गार होते. होऊ दे, दुसरी करू.

तर, या टुरिडचं एक गुपित होतं. ते मला कळलं माझ्या बायकोमुळे, इंगेब्योर्गमुळे. ती शेवटच्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली तेव्हा टुरिड दुकान बंद केलं की आमच्याकडे यायची, खुर्ची ओढायची आणि हळू आवाजात काहीतरी वाचून दाखवायची. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत ऐकायचो. आधी वाटलं, देवाधर्माचं काही असेल. मग आतून इंगेब्योर्गचं हसू ऐकू आलं. त्या दिवसांत तिचं हसू म्हणजे काय, ते मलाच माहीत. मी बटाटा हातात घेऊन दारात जाऊन उभा राहिलो.

टीव्हीवर पूर्वी एक मालिका लागायची, बेटाबेटांवर फिरणाऱ्या डॉक्टरची. डॉक्टर देखणा, आमच्या बायका त्याच्यावर लट्टू. त्याच्या घरात पेत्रा नावाची कामवाली होती. तिने दार उघडायचं, दिवा धरायचा आणि ‘डॉक्टर, सूप गार होतंय’ म्हणायचं. एवढंच. तिसऱ्या वर्षी ती दिसेनाशी झाली. मेली, लग्न करून गेली की काढून टाकली, कुणी सांगितलं नाही. डॉक्टर आपलं दार आपणच उघडायला लागला आणि सगळा देश पुढे बघत राहिला.

टुरिडला ते सहन झालं नाही. ती पेत्राच्या गोष्टी लिहायला लागली. फॅनफिक्शन म्हणतात त्याला. दुसऱ्याच्या गोष्टीतलं माणूस उचलायचं आणि त्याला आपल्या घरी नेऊन जेवू घालायचं, असं मी समजतो.

आणि ती एकटी नव्हती. इंटरनेटवर अशा बायका देशोदेशी आहेत. दर हिवाळ्यात त्यांचा एक नेम असतो: ज्या बाईकडे गोष्टीत कुणी बघितलं नाही, तिचीच गोष्ट एकमेकींना भेट द्यायची. प्रत्येकीने आधी आपली आवडनिवड लिहून ठेवायची, काय आवडेल आणि काय अजिबात नको. मग चिठ्ठ्या पडतात. जिचं नाव येईल तिच्यासाठी गुपचूप लिहायचं. ठरलेल्या रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला सगळ्या भेटी एकदम उघडतात. नावं सगळी खोटी. टुरिडचं नाव ‘मागचं दार’.

इंगेब्योर्ग गेल्यावर मी टुरिडला म्हटलं, “वाचन थांबवायचं नाही हं. श्रोता बदलला, एवढंच.”

“तुला काय कळणार त्यातलं?” टुरिड म्हणाली.

“मला कळतं. तू पेत्राला डॉक्टरच्या गळ्यात बांधत नाहीस, ते मला आवडतं.”

“सगळ्याजणी बांधतात!” टुरिडचे गाल लाल झाले. “आयुष्यभर त्याचं सूप गरम केलं, आणि बक्षीस काय, तर तोच! मला नाही चालत. मला पेत्रा चिडलेली आवडते. कामात असलेली. एकटी बसून वाफल खाणारी, वर दोन फोडी ब्राऊन चीज.”

“मला तिला बोट हवी,” मी म्हटलं. “स्वतःची. वल्ही नकोत, इंजिन असलेली.”

“ओदमुन, हा नवस फेडायला मी बसलेली नाही.”

पण या हिवाळ्यात तिने पेत्राला बोट दिली. आणि त्याच बोटीतून बुडवली.

चिठ्ठीत ‘राखाडी हातमोजा’ हे नाव आलं होतं. या हातमोजाबाईसाठी टुरिडने आधीही लिहिलं होतं. तिची आवडनिवड टुरिडला तोंडपाठ: पेत्राला राग यावा, तिने पोटभर खावं, समुद्राचा वास यावा, आणि शेवट रडवणारा असला तर उत्तम. म्हणून टुरिडने यंदा तिचं पान उघडलंच नाही. या बायकांचं असंच असतं. एकमेकींचं खरं नाव माहीत नाही, पण कुणाला कुठला शेवट आवडतो ते सख्ख्या बहिणीच्या चहा-साखरेसारखं माहीत. पेत्रा वादळात बोट घेऊन निघते आणि परत येत नाही, दारावर फक्त तिचा एप्रन लटकलेला राहतो. टुरिडने मला वाचून दाखवलं तेव्हा मी नाक शिंकरायला बाहेर गेलो. तिने गोष्ट धाडून दिली.

शनिवारी वादळ आलं. दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून टुरिडने सहज हातमोजाबाईचं पान उघडलं. खाली नवी ओळ होती: ‘यंदा एकच विनंती. पेत्राला बुडू देऊ नका. कुणालाच पाण्यात जाऊ देऊ नका. आमच्या घरातलं एक माणूस शरद ऋतूत समुद्रावरून परत आलेलं नाही.’

टुरिड गोष्ट मागे घ्यायला गेली तोच दिवे गेले. दिव्यांपाठोपाठ फोन, इंटरनेट, सगळंच. जुनी तारेची लाइन तर कंपनीने कधीच काढून नेली होती.

रविवारी सकाळी मी बोटघरात दोऱ्या बघत होतो. वारा पडला होता, पण समुद्राला ते कुणी सांगितलं नव्हतं. दारात टुरिड उभी. अंगावर दुकानातलं विक्रीचं लाइफजॅकेट, किमतीचं लेबल तसंच लोंबतंय.

“फेरी रद्द झाली,” ती म्हणाली.

“होणारच. बघितलंस ना बाहेर?”

“मला पलीकडे ने. तिथे वीज असेल.”

मी हातातली दोरी खाली ठेवली. “टुरिड, तू शांत पाण्यातसुद्धा…”

“मला माहीत आहे मी काय करते शांत पाण्यात!” तिचे दात वाजत होते. “बारा वाजता ती बाई माझी भेट उघडेल. वाटेल, आपल्यासाठी कुणीतरी लिहिलंय. कॉफी घेऊन बसेल. आणि मी तिला काय देणार? एप्रन! दारावर लटकलेला एप्रन!”

“नसेल वाचत ती लगेच.”

“बाराला वाचतात, ओदमुन. आम्ही सगळ्या बाराला वाचतो.”

मी बाहेर बघितलं. खाडीच्या तोंडाशी पांढरं दिसत होतं. खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. माझी बोट छोटी, माझ्याइतकीच जुनी, आणि तिचंही गुडघ्यात दुखतं. पण पेत्राला बोट हवी म्हणून हट्ट मीच धरला होता.

“बस,” मी म्हटलं. “आणि ते लेबल काढ. बुडालो तर लोक म्हणतील, पैसे न देताच नेलं.”

“दुकान माझंच आहे, गाढवा,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून बोटीत चढली.

बेटाच्या आडोशाला होतो तोवर ठीक होतं. टोकाबाहेर पडलो आणि पहिली लाट आली. बोट उभी राहिली, थरथरली, आणि पोट वर राहून आपणच तेवढे खाली पडलो असं वाटलं. टुरिड ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पांढरीफटक पडून बाकाच्या फळीला चिकटली होती आणि एकाच सुरात पुटपुटत होती, “आई, आई, आई.”

खाडीच्या मध्यावर इंजिनाने एक घरघर केली आणि ते थांबलं.

इंजिन थांबल्यावर समुद्राचा आवाज किती मोठा असतो, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. वादळात कुठल्याशा मत्स्यशेतीचा दोर तुटून वाहत आला होता आणि इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला होता. उजवीकडे खडकांची रांग. त्यांच्यावर पाणी फुटत होतं आणि आम्ही त्यांच्याकडे सरकत होतो, सावकाश, जसं काही आमंत्रणच आहे. आयुष्य बोटीवर काढलं मी, पण ते खडक अजून आठवले की जेवण जात नाही.

मी काठीला सुरी बांधली. “टुरिड! मला मागे वाकून दोर कापायचाय. तू माझा पट्टा धर.”

“मी नाही हलू शकत.”

“मग मी जातो पाण्यात, आणि एप्रन माझ्या दारावर टांग!”

ती हलली. रांगत आली. तिची बोटं माझ्या पट्ट्यात अशी रुतली की पुढे आठवडाभर कमरेवर वळ होते. मी डोकं खाली, हात पाण्यात, पाणी असं गार की हाडं दुखतात. लाट आली की माझं नाकतोंड बुडायचं आणि ती मागे ओढायची.

“बोल काहीतरी!” मी ओरडलो. ती गप्प झाली की मला वाटायचं, सोडणार आता. “पेत्रा काय करते सांग!”

“पेत्रा घाबरलीय!” ती किंचाळली. “पेत्रा मूर्ख आहे! कुणी सांगितलं होतं तिला बोट घ्यायला?”

“मी!”

“म्हातारे कुठले! सगळे म्हातारे सारखे! तिने… तिने घट्ट धरलंय! तिच्या हातात जोर नाही, पण ती सोडत नाही!”

“काय धरलंय?”

“मला काय माहीत! काप तू!”

दोर सुटला. इंजिन दुसऱ्या खटक्याला लागलं. खडक इतके जवळ होते की त्यांच्यावरचे शिंपले मला दिसत होते. मी सुकाणू वळवलं, आणि मग मला कळलं की टुरिडने अजून पट्टा सोडलेला नाही. पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही. मी तसाच, मागे एक बाई बांधल्यासारखा, बोट हाकत राहिलो.

धक्क्यावरच्या फेरीच्या कॅफेत वीज होती. काउंटरवरची बाई आम्हाला बघून म्हणाली, “देवा! कुठून आलात या हवेत?”

“इंटरनेट,” टुरिड म्हणाली. तिच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. “इंटरनेट आहे का?”

“आहे. पण आधी काहीतरी खा…”

“इंटरनेट!”

ती कोपऱ्यात बसली. ओल्या बोटांना फोन दाद देईना, तर तिने खिडकीच्या पडद्याला बोटं पुसली. गोष्ट नुसती काढून टाकली असती तर हातमोजाबाईला बाराला रिकामं पान दिसलं असतं. सगळ्यांना भेट, आणि तिलाच नाही. तेही टुरिडला चालेना. म्हणून तिने शेवट खोडला आणि नवा लिहायला घेतला, अंगठ्यांनी, भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता. घड्याळ मी बघत होतो. खाडीत जेवढा भ्यालो नव्हतो तेवढा तिथे भ्यालो, वाफल समोर असून.

“झालं का?”

“गप्प.”

“काटा…”

“ओदमुन, तू गप्प बसला नाहीस तर तुला गोष्टीत घालून मारीन.”

चर्चची घंटा वाजायच्या जरा आधी तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. “गेलं,” म्हणाली, आणि मग तिला जे कापरं भरलं ते काउंटरवरच्या बाईने दोन घोंगड्या टाकल्या तरी थांबेना.

बारा वाजले. टुरिड फोनला हात लावेना. “तू बघ. मला भीती वाटते.”

“मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही.”

“मग नकोच.”

आम्ही दोघं त्या उपड्या फोनकडे बघत बसलो, जसं काही तो बदक आहे. बऱ्याच वेळाने तो एकदा थरथरला. टुरिड खुर्चीतच उडाली. मग तिने तो उलटा केला आणि हळू आवाजात वाचलं, इंगेब्योर्गला वाचायची तसं.

हातमोजाबाईने लिहिलं होतं: ‘पाणी बघितलं आणि मी पान बंद केलं. मग परत उघडलं. पेत्रा इतकी घाबरलेली आहे, आणि तरी पलीकडे पोचते, ओल्या कपड्यांनी वाफल मागते. मला वाटलं होतं, घाबरणारं माणूस कुणी लिहीत नाही. सरल्या शरदापासून मी धक्क्याकडे गेलेले नाही. आज खिडकीचा पडदा उघडून बसले आहे. एवढंच.’

या खेपेला गोदाम नव्हतं, म्हणून टुरिडने घोंगडी डोक्यावर ओढून घेतली.

मी खुर्ची जवळ ओढली. मग म्हटलं, “नव्या शेवटात मी आहे का?”

“नाही,” घोंगडीतून आवाज आला.

“दोर कुणी कापला मग?”

“पेत्राने.”

“आणि पट्टा कुणी धरला?”

“तोही पेत्रानेच. तुझ्यासारख्यांच्या गोष्टी खूप आहेत, ओदमुन. वाफल खा.”

दुपारी ऊन पडलं, समुद्र बराच निवळला. मी म्हटलं, चल, आता अर्ध्या तासात घरी. टुरिडने बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पर्स छातीशी घेतली.

“मी फेरीची वाट बघेन.”

“फेरी उद्या आहे.”

“मग उद्या.”

मी बोट धक्क्याला बांधून ठेवली आणि तिच्याबरोबर थांबलो. खरं कारण कुणाला सांगू नका, पण माझेही पाय अजून लटपटत होते.