तलावाकाठचा शनिवार

शमुवेलकाकांची नोकरी मी घालवली.

आज सकाळी ते वारले. तिकडे, इस्रायलमध्ये, मुलीच्या, रिबेकाच्या घरी. रिबेकाचा मेसेज आला तेव्हा मी पेणच्या एसटी स्टँडवर होतो. रोह्याची गाडी लागली, सुटली. मी तिथेच उभा.

काका कोण, ते आधी सांगतो.

नव्वदच्या दशकात मी धाटावला एका केमिकल कंपनीत टेंपररी होतो. मंगळवारी वीकली ऑफ. आम्ही चार मित्र सोमवारी शिफ्ट सुटली की थेट धरणाच्या तलावावर जायचो. काठाला एक सरकारी विश्रामगृह होतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, आणि चार पायऱ्या उतरलं की पाणी.

तिथला रखवालदार, खानसामा, होडीवाला, सगळं एकच माणूस. शमुवेलकाका.

मला पोहायला त्यांनी शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. मी तेवीस वर्षांचा घोडा, आणि हे काठावरून ओरडायचे, "पाय मार रे, पाय. पानी काय खात नाय तुला."

नाव शमुवेल, म्हणून आम्ही त्यांना ख्रिश्चन धरून चाललो होतो. त्यांच्या हातचं इतकं जेवलो, पण कुणी कधी विचारलं नाही.

मग एकदा आमचे शिफ्ट इंचार्ज म्हणाले, "तुमचा तो तलाव मलाही दाखवा की."

मला परमनंट करायचं की नाही, हे त्यांच्या शिफारशीवर होतं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

शनिवार की रविवार, असं त्यांनी विचारलं; माझी सुट्टी ते बदलून देणार होते. मी म्हटलं, "शनिवारीच जाऊ, साहेब. रविवारी काका चर्चला जातील, आपले हाल होतील."

केवढा हुशार मी.

शनिवारी सकाळी पोचलो. काका व्हरांड्यात बसलेले. धुतलेले पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. आत टेबलावर तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण झाकून ठेवलेलं, गार. चुलीत लाकडं रचलेली. शेजारी चहा, साखर, काड्यापेटी.

"कालच करून ठेवलंय समदं. चूल तेवढी तुमची तुम्ही पेटवा."

"आणि होडी?"

"आज नाय. आज आमचा शब्बाथ हाय. उद्या पायजे तेवढं फिरवतो."

शब्बाथ म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते, आणि मला फक्त तेवढंच दिसत होतं.

मी हसत म्हटलं, "काका, मस्करी नको. साहेब आलेत."

"आलेत ते बरंच झालं. पन आज माझ्याकडनं व्हनार नाय."

आवाज चढवला नाही. तोंड वाकडं केलं नाही. एवढं बोलून ते पुन्हा जागेवर जाऊन बसले.

मी चूल पेटवली. खोलीभर धूर केला. साहेबांनी अर्धा कप चहा पिऊन बाकीचा ठेवून दिला. मुक्कामाचा बेत होता, पण आम्ही दुपारीच निघालो.

निघताना अभिप्रायाच्या वहीत माझ्या अक्षरात शेरा पडला. "रखवालदार कामास नकार देतो. पाहुण्यांना चहासुद्धा मिळाला नाही." खाली माझी सही.

घरी आईला सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"अरे, ते शनवार तेली. ज्यू. शनवारी त्यांचा घाना बंद, चूल बंद. माझ्या माहेरी शेजारीच होते. तुला एवढं ठाव नाय?"

नव्हतं ठाऊक.

दोन महिन्यांनी मी परमनंट झालो. त्याच सुमारास कळलं, की काकांना काढलं. रोजंदारीवरचा माणूस. उद्यापासून येऊ नका म्हटलं, की झालं.

मी त्यांच्या गावी गेलो. माफी मागायलाच गेलो होतो, खरंच. काका ओटीवर बसून गळाला दोरी बांधत होते. मला बघून खूश झाले, शेजारी बसवून घेतलं.

आणि मी म्हणालो, "साहेबांनी लिहायला लावलं, काका."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "व्हय रे बाबा. नोकरीवाल्याला लिव्हावं लागतं. आन खोटं काय लिव्हलंस? चहा नाय दिला मी."

मी म्हटलं, "पान फाडून टाकायचं ना मग."

"कशाला? दुसऱ्या दिवशी मी वाचलं. मग आमचे सरकारी साहेब लोक बघायला आले, तवा वही त्यांच्या हातात दिली."

काकूंनी चहा केला. मी तो प्यालो आणि घरी आलो.

काही वर्षांनी काकांच्या घरचे सगळे इस्रायलला गेले. पुढे व्हिडिओ कॉल सुरू झाले. काका दर पावसाळ्यात विचारायचे, "तलाव भरला काय?" नातवंडांना हाक मारून मला दाखवायचे. "ह्याला मी पोहायला शिकवलाय."

दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं. दर वेळी फोन ठेवायचो.

आज रिबेकानं लिहिलंय, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, त्या पोराचा काही दोष नव्हता. साहेबानं अडकवलं त्याला."

रिबेका, तू वाचशील म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

साहेब त्या दिवशी एक शब्द बोलले नव्हते. ते बाहेर जीपमध्ये जाऊन बसले होते.

वही कुठे आहे, असं मीच काकांना विचारलं.

आणि काकांनी बोटानं दाखवली.

काका, तुम्ही मला माफ केलंत ते खोट्यावर. खरं ऐकून केलं असतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.

तुमच्या पायांशी डोकं ठेवतो. शांत झोपा.