पांढऱ्या धुराची खबर

आजही मी गुळाचा खडा हुंगल्याशिवाय तोंडात घालत नाही. घरचे हसतात. पण ती केस मी तपासली होती, त्यांनी नव्हे.

महायुद्धाचा काळ होता. साताऱ्याहून माझी बदली सांगलीकडच्या एका गावी फौजदार म्हणून झाली होती. गावात कोळशावर चालणारं छोटं वीजघर होतं. वीज सगळ्यांना हवी होती, धूर मात्र कुणालाच नको होता.

एके दिवशी वीजघराचे मॅनेजर तणतणत ठाण्यावर आले. कोळशाचा ढीग नेहमीसारखाच कमी होत होता, पण वीज निम्मीसुद्धा निघत नव्हती. दिवे नुसते मिणमिणायचे, पिठाची गिरणी दळता दळता बसायची. म्हणजे कोळसा भट्टीत न जाता फाटकाबाहेर जातोय, आणि फाटकावर पहारेकरी आहे; तेव्हा चोर तोच, असं मॅनेजरांनी ठरवूनही टाकलं होतं. हा पहारेकरी साताऱ्याकडचा, पलटणीतून पेन्शनवर आलेला. आमच्या हवालदाराने उत्साहाच्या भरात त्याला दोरी लावून भर बाजारातून आणलं.

कोठडीत त्याने अन्नाला हात लावला नाही.

"चोर म्हनून वाढल्यालं मी न्हाई खायाचा. नोकरी गेली तर जाऊ द्या, पर गावाकडं काय तोंड दावू सायेब?"

माणूस सरळ वाटत होता. पण नुसत्या वाटण्यावर कुणाला सोडता येत नाही.

वीजघरामागे एक आजी राहायच्या. त्यांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर काजळी पडायची आणि त्याची तक्रार आम्हाला तोंडपाठ झाली होती. त्या येताना दिसल्या की हवालदार मागल्या दाराने सटकायचा. त्या दिवशी मात्र आजी हसत आल्या.

"लय ब्येस काम केलंसा सायेब! चांगला दम भरलासा तुमी त्या वीजघरवाल्यास्नी. काजळी बंद झाली. आता धूर पांढरा येतोय, आन वास तर असा, गुऱ्हाळात बसल्यावानी वाटतंय!"

मी कुणालाच दम भरला नव्हता. पण उसाची ओली चिपाडं जाळली की असाच पांढरा धूर निघतो, हे मला माहीत होतं. मग चिपाडं भट्टीत असतील, तर कोळसा कुठल्या गुऱ्हाळाच्या चुलवणात गेला? मी थेट गूळबाजार गाठला. एका गुऱ्हाळवाल्याचा सगळा गूळ अडत्यांनी परत पाठवला होता. खाल्ला की आगगाडीत बसल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. हा गुऱ्हाळवाला निघाला वीजघराच्या भट्टीवाल्याचा मेव्हणा.

भट्टीवाल्याला ठाण्यावर बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि सोबत मेव्हण्याच्या गुळाचा मोठा खडा ठेवला.

"घ्या, घरचाच आहे."

त्याने खडा नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा पडला.

"सायेब, जबाब लिवून घ्या. पर ह्यो खायाला लावू नगासा."

अवकाळी पावसात मेव्हण्याची चिपाडं भिजली होती. रस काढून ठेवलेला, चुलवण पेटेना. भट्टीवाल्याच्या बायकोने भावासाठी घरात अबोला धरला. मग राखेच्या गाडीत तळाशी कोळसा, मधे राख आणि वर निखारे घालून माल बाहेर जाऊ लागला, आणि सरपण म्हणून ओली चिपाडं आत येऊ लागली. पहारेकऱ्याने राखेत काठी खुपसून पाहिली होती. काठीच पेटली.

मी कोठडी उघडली. पहारेकरी जागचा हलेना.

"आनलंसा भर बाजारातनं. आता सोडतानी मागल्या गल्लीनं घालवता व्हय?"

त्याचं म्हणणं खरं होतं. मी टोपी चढवली आणि भर बाजारातून त्याच्या बरोबरीने चाललो. दुकानदार उठून उभे राहिले. वीजघराच्या फाटकाशी पोचताच तो पुढे झाला, जागेवर उभा राहिला आणि कडक सलाम ठोकला. मी आत पाऊल टाकणार, तोच त्याने हात आडवा केला.

"झडती द्या सायेब. आर्डर हाय."

मागोमाग आलेला बाजार बघत होता. मी दोन्ही हात वर केले. त्याने माझे खिसे सावकाश, एकेक करून तपासले.

गुन्हेगार पकडायचं शिक्षण मला नोकरीने दिलं. निर्दोष माणसाला परत कसं पोचवायचं, ते मी त्या फाटकात हात वर करून शिकलो.