सरणापुढचं भाषण

आमच्या घाटनांदुरात मयतीला भाषणं होतात. अग्नी दिला की एकेकजण पुढं येऊन बोलतो, आन् कुणी कवा बोलायचं ते बंकट ठरवतो. स्पीकर माझा, तोंड त्याचं. लई वर्षांची जोडी हाय आमची.

बंकट आधी बोलत न्हाई, माणसं न्याहाळतो. कोण कुणाजवळ उभा हाय, कोण कुणाकडं बघंना. शब्द कुणालाबी सापडतात, म्हणतो, ऐकणारा कान हुडकावा लागतो. तवर चपला घासत नुसता फिरणार, एका जागी उभा म्हणून राहायचा न्हाई. डोकं उठवतो माझं.

गावातला युवराज गेला तवा बंकटनं एकच कान हुडकला, युवराजचा थोरला भाऊ सुंदरराव. हा आता युवराजच्या बायकोला, रोहिणीला, लेकरासकट माहेरी हाकलणार आन् रान एकटा खाणार, अशी गावात कुजबुज होती. बंकटच्या अंगाची नुसती आग. माइक घेतला आन् सुंदररावाची तारीफच सुरू केली. असा भाऊ नशिबानं मिळतो. आत्ताच मला म्हणले, रोहिणी माझी लेक हाय, तिला या घरातून कुठंच जाऊ देणार न्हाई.

आरं, सुंदरराव कवा म्हणला होता असं? पण अख्खं गाव त्याच्याकडं बघत होतं. त्यानं मान हलवली, हात जोडले. मी आवाज वाढवला. खरं सांगतो, लई बरं वाटलं मला.

तेराव्याला रोहिणीचे वडील तिला न्यायला जीप घेऊन आले. सुंदररावानं पाया पडून त्यांना रिकामं परत धाडलं. गावापुढं शब्द गेलाय, म्हणला, आता अब्रूचा सवाल हाय.

आमी खुर्च्या उचलत होतो, तवा रोहिणी मागच्या दारी आली. बंकट धीर द्यायला पुढं झाला. तवा तिनं सांगितलं, बीडला एका दवाखान्यात तिचं काम ठरलं होतं. वडिलांनी लेकराची शाळाबी बघितली होती. या घरात तिला एक दिवस राहायचं नव्हतं.

"मला कावून विचारलं न्हाई, भाऊ?"

कसं विचारणार? मसणवाट्यात बायका येतात होय? गर्दीतला एकेक चेहरा वाचणारा हा शहाणा, आन् जिच्यासाठी बोलला तीच त्याच्या ध्यानात न्हाई. भडकलोच मी त्याच्यावर. तो अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. मी परत बोलतो, म्हणला, गावापुढंच बोलतो, सुंदररावाला शब्दातून मोकळं करतो.

रोहिणीनं त्याला मधीच थांबवलं.

"गाव गोळा व्हायला आता कुणाच्या मयतीची वाट बघू?"