कॅरिअरवरची जागा

माझ्या संसारातलं सगळं खरं बोलणं सायकलच्या कॅरिअरवर झालं. हसू नका. नागभीडला आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात सासूबाई, दीर-जाऊ, त्यांची पोरं आणि आम्ही दोघं. नवऱ्याशी बोलायचं म्हटलं तर "मीठ संपलं" याच्यापुढे मजल जायची नाही, तेवढ्यात कोणीतरी कान टवकारून बसलेलं. म्हणून आठवडी बाजाराचा दिवस उजाडला की माझ्या अंगात वारं शिरायचं. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती, माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते.

आम्ही मनिहार, काचेच्या बांगड्या विकणारे. ते सायकल चालवायचे आणि मी मागं कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बांगड्यांची पेटी. खेड्यातल्या बाया परक्या पुरुषाच्या हातून बांगड्या भरून घ्यायला लाजायच्या, म्हणून मला सोबत नेणं भाग होतं. हे कारण अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, पटलेलं होतं. आमचं दुसरं एक कारण होतं, ते आम्ही कोणाला सांगत बसलो नाही.

धानाच्या बांध्यांमधून, मधे मधे जंगलातून जाणारा तो रस्ता. डांबर एका गाडीपुरतं. कडा कुरतडलेल्या, आणि कडेला मुरूम इतका खाली की चाक उतरलं की हाडं खुळखुळलीच पाहिजेत. मागून गाडीचा हॉर्न आला की सायकलवाल्यानं मुकाट्यानं खाली उतरायचं, हा कायदा. कुठं लिहिलेला नव्हता, पण मास्तर उतरायचे, दूधवाला शिव्या देत उतरायचा, जळतनाचे भारे लादलेला म्हातारा तर हॉर्न ऐकू यायच्या आधीच उतरलेला असायचा. एकटे आमचे हे उतरायचे नाहीत. डावा हात वर करून ओरडायचे, "काच हाय भाऊ, काच!"

आता ज्याच्या घरी बायको आहे, बहीण आहे, त्याला काच म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. जुने ड्रायव्हर आम्हाला ओळखायचे. आपलं एक चाक मुरमात घालून बाजूनं जायचे आणि वरून चिडवायचे, "काय वो भाभी, भाऊ दमला वाटते, आता तुमी चालवा!" हे म्हणायचे, "अबे, तिले बसून राह्यलं तरी दम लागते!" मी पाठीत एक गुद्दा हाणायची. पेटीतली काच किणकिणायची आणि आम्ही दोघं एकदम गप्प व्हायचो, कान लावून, काही फुटलं तर नाही ना म्हणून.

काय बोलायचो? सगळंच. जावेची गाऱ्हाणी, वेगळं बिऱ्हाड, कोणत्या गावची पाटलीण हाताला चिमटे काढून भाव पाडते. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा घरात त्यावर कोणी एक शब्द काढला नाही. अम्मींनी शिरा करून दिला, डोक्यावरून हात फिरवला, संपलं. पुन्हा बाजाराला जायला लागल्यावर वाटेतल्या तळ्याच्या चढावर मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं आणि जे रडले, जे रडले! त्या चढावर एरवी ते खाली उतरून सायकल ढकलायचे. त्या दिवशी उतरले नाहीत, उभं राहून पायडल मारत राहिले. वर पोचल्यावर एवढंच म्हणाले, "मलेही लय वाटलं वो. पण घरी कुठी रडू मी?" बाई गं, त्या एका वाक्यावर मी पुढची किती वर्षं काढली असतील!

अम्मींची मात्र एक अट होती. माझे सासरे याच रस्त्यावर, सायकलवरच, गाडीच्या धक्क्यानं गेले होते. त्यामुळे मी कॅरिअरवर बसले की त्या दारात येऊन प्रत्येक वेळी तेच बोलायच्या, "बहू, जिस दिन गिरी, उस दिन से सायकल बंद. बाद में मत बोलना." मी "हो अम्मी" म्हणायची आणि पदर खोचायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण माझी ती जागा गेली असती तर माझा नवराच गेल्यासारखा होता, हे त्यांना कोण समजावणार?

मग रस्त्यावर टिप्पर आले. कुठंतरी मोठं काम निघालं होतं, गिट्टीच्या खेपा दिवसभर चालायच्या. ड्रायव्हर बाहेरचे, खेपेवर काम करणारे. त्यांना ना आमची ओळख, ना थांबायला फुरसत. हॉर्न असा की कान बधिर व्हावेत. हे हात वर करून "काच, काच" ओरडायचे आणि टिप्पर अंगावरून गेल्यासारखा जायचा. मी म्हणायची, "उतरा नं जी, बांगड्या गेल्या तर गेल्या." ते म्हणायचे, "उतरलो तं पेटी जाते, नाई उतरलो तं तू जाशीन. सांग, का करू?" मी त्यांचा सदरा आणखी घट्ट धरायची.

लग्नसराईचे दिवस होते. एका गावात नवरीचा चुडा भरायचा होता, म्हणून त्या दिवशी फक्त नवरीची पेटी घेऊन निघालो. चुडा अम्मींनी स्वतः निवडून बांधला होता. हिरव्या बांगड्या, त्यांवर सोनेरी कण, त्या साली नवीनच आलेला माल. भरताना चार-दोन फुटतातच, म्हणून जास्तीच्याही ठेवल्या होत्या.

वळणावर समोरून बैलगाडी आली आणि मागून टिप्पर. यांनी हात वर केला. हॉर्न थांबेना. टिप्पर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानंच सायकल झुकली, पुढचं चाक डांबराच्या कडेवरून घसरलं आणि मी मुरमावर. पडताना मी पेटी पोटाशी कवटाळली. धंद्यातल्या बाईला दुसरं काय सुचणार? नवरीची एक काच फुटली नाही. माझ्या दोन्ही हातांतल्या मात्र सगळ्या वाढल्या, मनगटातून रक्त यायला लागलं.

टिप्पर पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला तोच तावातावानं, "दिखता नहीं क्या? सायकल नीचे लेने को क्या होता है? रोड गाडियों का है!" यांनी दगड उचलला होता. मी उठले आणि दोघांच्या मधे उभी राहिले. माझी जीभ आधीच तिखट, त्यात अंगभर धूळ. "रोड तुझ्या बापानं बांधला का रे? माझा सासरा याच रोडवर मेला, आता मलाही घे!" म्हणत मी दोन्ही हात त्याच्यापुढे नाचवले. तो त्या हातांकडं बघतच राहिला. उघडे, रक्ताळलेले, एकही बांगडी नसलेले हात. सवाष्णीचे असे हात बघवत नाहीत, मग माणूस कुठलाही असो. त्याचा आवाज एकदम खाली आला. "दीदी, पहले चूड़ी पहन लो," एवढं बोलून तो गेला.

हे पळसाच्या सावलीत बसले. माझ्या मनगटावर रुमालानं पाणी लावलं. मग नवरीची पेटी उघडली, जास्तीच्या बांगड्या काढल्या आणि माझा हात हातात घेतला. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या हातात बांगडी भरली नव्हती, घरात ते अम्मींचं काम. अंगठ्याजवळचं हाड दाबत, एक एक करत, त्यांनी दोन्ही हात भरले. दुखलं नाही. आम्ही दोघं हसत होतो, येड्यासारखे. "अम्मीले काई समजत नाई," ते म्हणाले, "तिची नजर कमी झाली आता." मला पटलं. जन्मभर बांगड्या विकणाऱ्या दोन माणसांना हे पटावं, याला काय म्हणावं? नवरीचा चुडा भरून, मान घेऊन, आम्ही आनंदात घरी आलो.

अम्मींनी पाण्याचा पेला घेतला आणि पेल्यासोबत माझा हातही धरला. डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बोटांनी एक बांगडी फिरवली, ते सोनेरी कण चाचपले. "ये तो दुल्हन के हैं," त्या म्हणाल्या. मग माझी बाही वर केली, खरचटलेलं कोपर पाहिलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी ते कोपर नुसतं ओंजळीत धरून ठेवलं. आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक दे चुकी मैं इस रस्ते को. अगले बाजार से बहू जीप में जाएगी."

मग मी काळीपिवळीतून जायला लागले. दहा जणांच्या जीपमध्ये वीसेक कोंबलेले, तिथं काच कुठं ठेवणार? म्हणून पेटी कॅरिअरला बांधून ते सायकलवरच जायचे. बाजारात भेटायचो, पण तिथं समोर गिऱ्हाइकांचे हात, "लाल दाखवा, मोठ्या मापाच्या दाखवा". दिवस बुडता बुडता मी पुन्हा जीपमध्ये.

पहिल्याच खेपेला जंगलाच्या पट्ट्यात जीपचा हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. ड्रायव्हरच्या बाजूचा एक जण म्हणाला, "या सायकलवाल्यायले रोड बापाचा वाटते. बसला पाय मधात." दुसरा म्हणाला, "दे धक्का, मंग समजन." सगळी जीप हसली. मी बायांच्या डोक्यांमधून मान काढून पाहिलं तर तो निळा सदरा, तीच पाठ. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हो, बापाचाच आहे! त्याच्या बापाचं रक्त सांडलंय इथं. धक्का देऊन तर बघ, जीप पेटवीन!" ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला, "तुमचे कोण लागते वो, बाई?" मी सांगितलं, "नवरा लागते."

त्यानं हॉर्नवरचा हात काढला. आता हे हात वर करतील, "काच हाय" म्हणतील, आणि जीप मुरमात उतरेल असं मला वाटलं. पण त्यांनी मागं वळून पाहिलं, काळीपिवळी आहे हे ओळखलं, आणि आपणहून सायकल डांबरावरून खाली घेतली. पेटीसकट. काच खळ्ळकन वाजलेली मला जीपमध्ये ऐकू आली. एक पाय टेकून ते उभे राहिले आणि जाणाऱ्या जीपची खिडकी न् खिडकी बघत होते. मी दुसऱ्या बाजूला होते. हात बाहेर काढायला गेले तर मधे चार बाया, एक कोंबडी आणि कोणाचं तरी पोर.

त्या रात्री ताटं वाढताना मी हळूच विचारलं, "काऊन उतरलात?" जाऊबाईंनी मान वर केली. दिरानं घास थांबवला. अम्मी बघायला लागल्या. ते म्हणाले, "असंच." आणि भाजी मागितली.

पुढं मूल झालं, वेगळी खोली झाली, मोपेड आली. अम्मींनंतर मी पुन्हा मागं बसायला लागले. पण इंजिनाच्या आवाजात मी काही बोलले की ते "आँ?" म्हणायचे. मी पुन्हा बोलायची, ते पुन्हा "आँ?" म्हणायचे. मग मी "काही नाही" म्हणायला शिकले. आता रस्ता एवढा रुंद झालाय की कोणाला खाली उतरावं लागत नाही. आमचं बाजारपेठेत छोटं दुकान आहे, ते गल्ल्यावर बसतात, मी बांगड्या भरते. जेवायला दोघंच असतो. घरात कान देणारं कोणी नाही, आणि आम्ही "मीठ कमी आहे" एवढंच बोलतो. इतक्या वर्षांनी कुठून सुरू करायचं ते दोघांनाही कळत नाही. ते समोर बसून जेवत असतात आणि मला त्यांची इतकी आठवण येते, इतकी आठवण येते, की घास उतरत नाही.